खिडकीतून दिलेली मनू

चारुदत्त बेहेऱ्यांना स्वतःची शोकसभा पाहायला मिळाली असती, तर ते मागच्या रांगेत बसून पेंगले असते आणि चहाच्या वेळी बरोबर जागे झाले असते. रत्नागिरीतल्या सभांच्या बातम्या देण्यात त्यांचा जन्म गेला होता. कोण काय बोलणार हे वक्ता खुर्चीवरून उठायच्या आधीच त्यांना पाठ असायचं. २००६ सालच्या श्रावणात वाचनालयाच्या सभागृहात त्यांच्या फोटोला हार घातला आणि एकेक जण उठून बोलू लागला. कुणी त्यांना निर्भीड म्हणालं, कुणी ध्येयवेडा. दैनिक जांभाच्या मालकांचा तर गळाच दाटून आला. बेहेऱ्यांना हयातभर मोडक्या पंख्याखाली बसवलं तेव्हा तो कधी दाटून आला नव्हता, पण शोकसभेत अशा गोष्टी काढायच्या नसतात.

मग कॉलेजातले एक प्राध्यापक उभे राहिले. "एक लहान मुलगी हरवली. ना नात्याची, ना गोत्याची. पण बेहेऱ्यांनी तिला या जिल्ह्याला विसरू दिलं नाही. दर वर्षी गौरीविसर्जनाच्या दिवशी जांभात तिचा फोटो यायचाच. त्या मुलीची आई आज आपल्यात आहे."

सगळ्या माना मागे वळल्या. सावित्री उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हात जोडून पुन्हा बसली. तिच्या शेजारी तिचा धाकटा दीर महिपत बसला होता. त्याने मान इतकी खाली घातली की पुढच्या बाईला वाटलं, बिचारा रडतोय. तो रडत नव्हता. सभागृहातल्या एवढ्या माणसांत ती मुलगी कशी हरवली हे ठाऊक असलेला तो एकटाच उरला होता. दुसरा जो होता त्याच्या फोटोला समोर हार घातलेला होता.

महिपतचं घर खेडच्या आतल्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याच्या वाडीत. थोरला भाऊ दादू मुंबईला कंपनीत, महिपत भातशेतीला. शेतीत तो बेताचाच होता, पण एका बाबतीत पंचक्रोशीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. एस.टी.त जागा पकडावी ती महिपतनेच. गणपती करून परतणाऱ्या चाकरमान्यांची खेडच्या डेपोत झुंबड उडायची तेव्हा वाडीतले लोक मुद्दाम त्याला बरोबर न्यायचे. दाराशी झोंबायचं ते नवख्यांनी. महिपत दाराकडे बघायचासुद्धा नाही. तो खिडकी गाठायचा. रुमाल टाकला तर लोक उचलून बाजूला ठेवतात, पिशवी टाकली तर तीही ढकलतात, पण पोर बसवलं तर त्याला कोण उठवणार? वाडीतली बारकी पोरं खिडकीतून आत जायला सरावलेली होती. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. एस.टी. थांबते. कंडक्टर उतरतो, चहा पितो, माणसं मोजतो, मग कुठे घंटी मारतो. पोर आत आणि आईबाप बाहेर राहिले नि गाडी सुटली, असं खेडात कधी कुणी ऐकलं नव्हतं.

अठ्ठ्याण्णव साली रेल्वे सुरू झाली आणि महिपतने आपली विद्या तिकडे नेली. रेल्वेच्या खिडक्यांना गज असतात, पण डब्यात एक खिडकी संकटाच्या वेळी बाहेर पडायला म्हणून बिनगजाची ठेवलेली असते, हा शोध त्याने दोन-तीन फेऱ्यांत लावला. वाडीत येऊन तो सर्वांना सांगितला. शोध लावणाऱ्याला असतो तेवढा अभिमान त्याला होताच.

त्या वर्षी गणपती-गौरी झाल्यावर सावित्री पहिल्यांदाच मुंबईला राहायला निघाली होती. इतकी वर्षं ती वाडीत आणि दादू तिकडे. आता मनस्वी पाच वर्षांची झाली होती, तिला शाळेत घालायचं होतं. मनस्वीला घरात मनू म्हणत. मनूने नवा फ्रॉक घातला होता आणि ती सगळ्यांना सांगत सुटली होती की आमच्या मुंबईच्या घरात नळ आहे. स्टेशनवर मुंगीला वाट नव्हती. दादू तिकिटाच्या रांगेत अडकला. सावित्रीच्या दोन्ही हातांत बोचकी होती. तिने मनूला म्हटलं, "काकाकडं जा," आणि मनू गेली. एवढं सावित्रीला पुढे कधीच आठवलं नाही, आणि महिपतला एक दिवस विसरता आलं नाही.

गाडी आली. महिपतने मनूला उचललं आणि फलाटावरून पळत बिनगजाची खिडकी गाठली. आत जागा मोकळ्या होत्या. एवढ्या गर्दीच्या दिवसांत जागा मोकळ्या कशा, ही शंका कुणालाही यावी. महिपतला शंका आली नाही, त्याला हर्ष झाला. त्याने मनूला आत दिली, खिडकीशी बसवली आणि सामान आणायला धावत मागे वळला. ती गाडी मुंबईहून आलेली होती. उशिराने धावत होती, मुंबईला जाणारी अजून यायची होती. महिपत वहिनीपाशी पोचला तोवर मागे शिट्टी झाली. त्याने वळून पाहिलं तर गाडी हलली होती, आणि मुंबईकडे नव्हे, उलटी, चिपळूणकडे.

"मनू कुठाय?" सावित्रीने विचारलं.

"तुझ्याकडं व्हती ना?" महिपत म्हणाला.

हे वाक्य त्याने ठरवून उच्चारलं नव्हतं. ते तोंडातून निघून गेलं. लगेच सांगतो, श्वास घेतो आणि सांगतो, असं त्याच्या मनात होतं. तेवढ्यात दादू तिकिटं घेऊन आला, पोर दिसेना म्हटल्यावर बायकोवर खेकसला, "एक पोर संबाळता येत नाय तुला?" सावित्रीने मान खाली घातली. ती मान खाली गेली आणि महिपतची वाचा बसली.

स्टेशनमास्तरच्या टेबलावर फोन होता. पुढच्या स्टेशनला एक फोन केला असता तर मनूला तिथे उतरवून घेतली असती. महिपत त्या टेबलासमोर उभा राहिला आणि "पोरगी हरवलीय, लाल फ्रॉक हाय" एवढंच बोलला. सगळे खेडात शोधत राहिले, बाजारात, डेपोत, जगबुडी नदीच्या काठाला. "मी जरा लांब बघून येतंय," असं सांगून महिपत एस.टी.ने चिपळूणला गेला आणि तिथल्या फलाटावर वेड्यासारखा फिरला. गाडी केव्हाच पुढे गेली होती. परत आल्यावर तो कुठे गेला होता हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, असं तो स्वतःला सांगायचा. माणूस स्वतःला काहीही सांगतो.

पोलिसांनी सांगितलं तशी बातमी जांभात आली. "आईचा हात सुटला, चिमुकली हरवली." मथळा बेहेऱ्यांचा. वाडीतल्या शिक्षकाने तो अंगणात मोठ्याने वाचून दाखवला. तोवर सावित्री नुसती सुन्न होती. छापून आल्यावर तिला खात्री पटली. पेपरात आलंय म्हणजे तसंच झालं असणार. त्या दिवसापासून ती आपले हात एकमेकांत घट्ट धरून बसायला लागली.

बातमी छापून मोकळे होणारे पत्रकार पुष्कळ असतात. बेहेरे मात्र त्यांची खडखडणारी स्कूटर घेऊन वाडीत आले. जाड भिंगाचा चष्मा, गुडघ्यापर्यंत चिखल. ओटीवर बसून त्यांनी कोरा चहा घेतला आणि सावित्रीला साधासा प्रश्न विचारला, "वहिनी, मनूचा हात तुमच्या कुठल्या हातात होता?"

सावित्री आठवू लागली. उजव्या हातात कपड्यांचं बोचकं. डाव्यात तांदळाची पिशवी, वर प्रसादाचे मोदक. ती आपल्या हातांकडे बघत राहिली. "मग मनूचा हात कुठं व्हता?" तिने बेहेऱ्यांनाच विचारलं. "सुटला तो मला कळला कसा नाय ओ?"

बेहेऱ्यांनी उरलेला चहा तसाच ठेवला आणि ते उठून मागे गेले. गोठ्यात महिपत बैलापुढे गवत टाकत होता. बैलापुढे आधीच ढीगभर गवत होतं.

"तिचे दोन्ही हात भरलेले होते रे," बेहेरे म्हणाले. "मग पोर होती कुणाकडे?"

महिपत शेणातच खाली बसला आणि त्याने सगळं सांगितलं. बिनगजाची खिडकी, मोकळ्या जागा, शिट्टी. ऐकून झाल्यावर बेहेरे तडक स्कूटरवर बसले. खेडच्या एस.टी.डी. बूथवरून त्यांनी थेट गोव्यापर्यंतच्या स्टेशनांना फोन लावले, पोलिसांना गाठलं, स्वतः गाडीने जाऊन प्रत्येक स्टेशनच्या चहावाल्याला मनूचा फोटो दाखवला. एका बाईने तिला रत्नागिरीपर्यंत पाहिलं होतं. बाई तिथे उतरली. पुढे राजापूर नाही, कणकवली नाही, कुठेच काही लागलं नाही. मधले दिवस फुकट गेले होते. ते कुणामुळे गेले हे बेहेरे कधी बोलले नाहीत, पण महिपतला तेवढं कळत होतं.

परतल्यावर त्यांनी महिपतला बांधावर गाठलं. "पोलिसांना मी गाडीचं सांगितलंय. गर्दीत कुणीतरी चुकून बसवली असेल म्हटलंय. तुझं नाव घेतलं नाही. पण वहिनीला तू सांगायचंस. ते मी करणार नाही."

"सांगतंय भाऊ. दादू जरा शांत झाला का सांगतंय."

दादू शांत झाला, मुंबईला गेला, आणि सावित्री वाडीतच राहिली. मनूला घर माहीत आहे ते हेच, ती आली तर इथेच येईल, असं तिचं म्हणणं. वर्ष उलटलं. गौरी आल्या. बेहेरे पुन्हा स्कूटर घेऊन हजर झाले. विसर्जनाच्या दिवशी मनूचा फोटो छापायचा होता, त्याचा मजकूर लिहायला. सावित्रीला त्यांनी मनूविषयी विचारलं. काय आवडायचं, कशाला भ्यायची. सावित्री सांगू लागली. "शिरवाळे आवडायचे नारळाच्या रसातले. एकदा अंगणात कोकमाची सोलं वाळत घातली व्हती, तिला म्हटलं बस इथं, कोंबड्या हाकल, उठू नको. आणि मी विसरले ओ. भात लावायला गेले आत, कायकाय करीत बसले. ऊन डोक्यावर आलं तरी बाय आपली तिथंच, काठी घेऊन. सांगितलेलं लय ऐकायची."

बेहेऱ्यांनी ते छापलं. हरवल्याच्या जाहिरातीत सोलं आणि कोंबड्या! मालक म्हणाले, हे काय बेहेरे? बेहेरे म्हणाले, लाल फ्रॉक आता तिला होत नसेल, ओळखायची कशावरून? दर वर्षी ते एक नवी आठवण घेऊन जायचे आणि दर वर्षी मनूचं वय वाढवायचे. मनस्वी आता सात वर्षांची असेल. आता नऊ. आता केस वाढले असतील, आईच्या कपाळासारखं कपाळ दिसत असेल. घरातल्या फोटोत मनू पाच वर्षांचीच राहिली. जांभात मात्र ती मोठी होत गेली, आणि सावित्री तो अंक असा जपायची की जणू शाळेचं प्रगतिपुस्तक आलंय. फोटोला हार घालायला तिने कुणाला हात लावू दिला नाही. सासूबाई एकदा म्हणाल्या, "आता तरी हार घाल गो." सावित्रीने जांभाचा अंक त्यांच्यापुढे धरला. "ही बघा. अकरा वर्साची झाली."

जाताना बेहेरे स्कूटरला लाथ मारायच्या आधी महिपतकडे बघायचे. "सांगितलंस?"

"या वर्साला नको भाऊ. आई आजारी हाय. पुढच्या वर्साला."

कधी आई आजारी, कधी दादू आलेला, कधी सणासुदीचं नको. बेहेरे रागावले असते तर महिपतला बरं वाटलं असतं. ते नुसते "बरं" म्हणायचे आणि स्कूटर चालू होईपर्यंत लाथा मारत राहायचे. तेवढा वेळ महिपतला तिथे उभं राहावं लागायचं. एस.टी.च्या खिडकीला त्याने पुन्हा हात लावला नाही. वाडीतली माणसं म्हणायची, काकाने किती मनाला लावून घेतलंय बघा. हे कानावर आलं की तो रानात निघून जायचा.

शेवटची भेट दवाखान्यात झाली. आषाढात बेहेऱ्यांनी अंथरूण धरलं होतं. महिपत एकटा गेला, पिशवीत फणसाचे गरे घेऊन. बेहेऱ्यांना गरे चालणार नव्हते, पण त्यांनी ते उशाशी ठेवून घेतले.

"तुला एक सांगू का रे?" ते म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "तू ते गोठ्यात बोललास ना, त्याच्या आधी मी मथळा दिला होता. आईचा हात सुटला. कुणाला न विचारता. पोलिसांचा कागद बघितला आणि ठोकून दिला. त्या बाईने माझा मथळा खरा धरला. तो दुरुस्त करायचा तर तुझं नाव घ्यावं लागतं, म्हणून मी नुसता फोटो छापत राहिलो. लोक म्हणतात काय माया, काय माया. मला त्यांचं ऐकून लाज वाटते."

"भाऊ, तुमचा काय दोष?"

"माझा आहे तेवढा माझा. तुझा तुझ्याकडे ठेव." मग ते थोडे हसले. "पुढच्या वर्षी तुला विचारायला कोण येणार रे?"

हे त्यांनी टोचायला म्हटलं नव्हतं. खरंच काळजीने विचारलं होतं. म्हणूनच महिपतला ते सोसलं नाही. तो चपला शोधू लागला.

शोकसभा संपली. सावित्री म्हणाली, "हापिसात जाऊन येऊ. गौरी आल्या जवळ. मनूचं द्यायला हवं." महिपत तिच्या मागोमाग चालू लागला. जांभाचं ऑफिस पुढच्याच गल्लीत होतं. बेहेऱ्यांच्या टेबलावर आता कॉम्प्युटर होता आणि त्यामागे ऋजुता नावाची नवी उपसंपादक. सभेत रडून तिचे डोळे लाल झाले होते. तिने दोघांना खुर्च्या दिल्या, पाणी आणलं.

"मजकूर बेहेरेकाकाच लिहायचे," ती म्हणाली. "तुम्ही सांगा, मी टाइप करते."

सावित्रीने सांगायला सुरुवात केली. मनस्वी आता तेरा वर्षांची. शिरवाळे आवडतात. विजेला भिते. ऋजुताने लिहून घेतलं आणि मग ती अडखळली. "मी जुने अंक बघितले. ती कशी हरवली, हे काकांनी पहिल्या बातमीनंतर कधीच लिहिलं नाही. का, ते कळत नाही. घालू या का?"

"घाला की," सावित्री म्हणाली. "माझा हात सुटला, असं घाला. त्यांनी माझ्यासाठी गाळलं असंल. मोठ्या मनाचा माणूस. पण खरं ता खरं."

ऋजुताची बोटं चालू लागली. महिपत त्या पडद्याकडे बघत होता. त्याला अक्षरं फारशी जुळवता येत नसत, पण "आईचा" एवढं त्याने वाचलं.

"नाय," तो म्हणाला.

दोघी त्याच्याकडे वळल्या.

"तिचा हात नाय सुटला. तिच्या हातात नव्हतीच मनू. माझ्याकडं व्हती." आठ वर्षं घशात अडकलेलं बाहेर पडायला लागलं आणि मग त्याला थांबवता येईना. "मीच दिली तिला आत, वयनी. खिडकीतनं. जागा धराय. गाडी उलटी व्हती, मला समजलं नाय. तू विचारलंस तवा मी खोटं बोललंय. बेहेरेभाऊंना ठावं व्हतं. दर वर्साला सांग म्हणायचे. मी नाय सांगितलं."

ऋजुताने हात मागे घेतले. महिपत वाट बघत होता की वहिनी उठून त्याच्या थोबाडीत मारेल. त्याला तेच हवं होतं. सावित्री उठली नाही. घट्ट धरलेले हात तिने सोडवले, मांडीवर उलटे ठेवले आणि त्यांच्याकडे नवी वस्तू बघावी तशी बघत राहिली. मग तिचा चेहरा बदलला.

"बसवलीत तवा तिला काय सांगितलंत, भावजी?"

महिपतला ते शब्द पाठ होते. "इथंच बस. मी आईला घेऊन येतंय. मी येईपर्यंत उठू नको."

"उठू नको म्हणालात?"

"हां."

"मग नाय उठली ती," सावित्री म्हणाली. "सोलांपाशी बसली व्हती तशी बसली असंल. सगळी उतरली असतील तरी बसली असंल." आता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. "आईचा हात सुटला, ते पुसा ताई."

ऋजुताने पुसलं. "मग काय लिहू?"

"लिवा, उठ म्हणावं आता. घरी ये." ती महिपतकडे वळली. "नाव सांगा त्यांना तुमचं. काका म्हणून तुमचंच नाव खाली येऊ दे. तुमी बसवलीत तिला. तुमी सांगितल्याबिगर ती उठायची नाय."